पॉप-अप कॅम्परच्या छतावर सोलर पॅनल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे डबल कॅबिन पिकअप आहे. तिच्या हौद्यात बसणारा फायबरचा पॉप-अप कॅम्पर आहे. संध्याकाळी छत वर उचलायचं, कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात, आत उभं राहता येतं. सकाळी छत खाली ओढून चारही कड्या लावायच्या आणि निघायचं. त्या छतावर पॅनल चढवल्यापासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर, पेट्रोल पंपावर, भंडारदऱ्याला शेजारी तंबू ठोकलेल्या पोरांकडून तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

साध्या कॅराव्हानच्या टपावर बसवतात तसंच बसवायचं ना? वेगळं काय त्यात?

वेगळं एवढंच, की तुमचा टप म्हणजे टप नाही, झाकण आहे. डब्याचं झाकण रोज उघडतं, रोज बंद होतं. त्यावर जे ठेवाल ते रोज उचलावं लागणार, आणि त्यातून जी वायर खाली आणाल ती रोज वाकणार. मोठ्या कॅराव्हानवर मंडळी किती वॅट मावतील यापासून सुरुवात करतात. आपण किती किलो उचलवतील आणि वायर कुठून वळेल यापासून करायची. वॅटचा हिशोब तिसरा.

माझं छत किती वजन उचलेल?

हे छत बनवणाऱ्याला विचारा. तो गुळमुळीत बोलला तर घरीच बघता येतं. बहुतेक पॉप-अपना गॅस शॉकर असतात, गाडीच्या डिकीला असतात तसलेच, जरा दणकट. त्यांच्या नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. १० किलो म्हणजे साधारण १०० न्यूटन. छत रिकामं असताना शॉकर ते स्वतःच वर नेत असतील तर थोडी ताकद शिल्लक आहे. आत्ताच हाताने रेटा द्यावा लागत असेल तर नाही.

खरी चाचणी अशी: १०० वॅटचं काचेचं पॅनल ७-८ किलोचं असतं, पट्ट्या-बोल्ट धरून १० किलो. छतावर १० किलोची तांदळाची पिशवी पॅनल येणार त्याच जागी ठेवा, दोरीने बांधा आणि छत दहा वेळा वर-खाली करा. शेवटची दोन वेळा एका माणसाने, झोपेतून उठल्या उठल्या, पाऊस लागलाय अशा कल्पनेने. जमलं तर पुढे जा. आमच्याकडे ही चाचणी बायकोने घेतली. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "हे मी रात्री एकटीने करणार नाहीये." मग शॉकर बदलले.

ज्यांचं छत एका बाजूला बिजागरीवर उघडतं (पाचरीसारखं, पुढे मिटलेलं आणि मागे उंच), त्यांना एक सवलत आहे. पॅनल बिजागरीजवळ सरकवलं की वजन हलकं लागतं, दार बिजागरीपाशी ढकलणं आणि कडेला ढकलणं यातला फरक इथे उलटा कामाला येतो. छताच्या मधोमध ठेवलेल्या १० किलोचा भार मागच्या कडेला हाताला ५ किलोच जाणवतो. चारही बाजूंनी सरळ वर जाणाऱ्या छताला ही सवलत नाही, तिथे १० म्हणजे १०.

आणि शॉकर जास्त ताकदीचे घ्यायचा मोह आवरा. मग छत वर पटकन जातं, पण खाली ओढायला लोंबकळावं लागतं आणि कड्यांवर कायमचा ताण राहतो.

किती वॅट घेऊ?

आधी रात्रभराचा खर्च मांडा. बारा व्होल्टचा कंप्रेसरवाला चाळीस लिटरचा फ्रिज मुंबई-कोकणच्या उकाड्यात दिवसाला ढोबळमानाने ४०० वॅट-तास खातो. पंखा २५ वॅटचा धरला तर नऊ तासांचे २२५. दिवे किरकोळ, २०. दोन मोबाइल ३०, लॅपटॉप एकदा भरला तर ६०. झाले सातशेच्या वर.

आता जमा. सपाट पडलेलं १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी बॅटरीत प्रत्यक्ष ३५० वॅट-तासांच्या आसपास टाकतं. पाचशे-सहाशेची स्वप्नं दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. छापलेला वॅटचा आकडा पॅनलचं तापमान २५ अंश असतानाचा असतो. मे महिन्यात दुपारी काचेवर हात ठेवून बघा, ठेववत नाही. सेल ६० अंशांच्या पुढे असतात आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पन्न घटतं. म्हणजे चौदा-पंधरा टक्के तिथेच गेले.

तेव्हा फ्रिज असेल तर २०० वॅट, नसेल तर १०० पुरे. माझ्याकडे छतावर १०० आहे आणि दुसरं १०० वॅटचं घडीचं पॅनल गादीखाली ठेवतो. छतावर दोन का नाहीत, ते पुढे सावलीच्या प्रश्नात येईल.

घरावर लावतात ते ५४० वॅटचं मोठं पॅनल वॅटमागे खूप स्वस्त पडतं. तेच एक लावलं तर?

टेप घ्या आणि छत मोजा. ते पॅनल सव्वादोन मीटरहून लांब, ११३ सेंटीमीटर रुंद आणि अठ्ठावीस किलोच्या घरात असतं. पिकअपच्या छतावर ते बसलं तरी तुमच्या दंडात बसणार नाही.

मग हलकं फ्लेक्झिबल पॅनल का नको? दोन-अडीच किलोच असतं.

वजनाचा विचार केला तर त्याच्यासारखं काही नाही, आणि ज्यांचं छत खरोखरच लेचंपेचं आहे त्यांना दुसरा इलाजही नाही. पण मी काचेचंच सुचवतो. फ्लेक्झिबल पॅनल छताला सपाट चिकटतं, खालून हवा खेळत नाही, त्यामुळे ते जास्त तापतं, कमी देतं आणि लवकर म्हातारं होतं. वरचा प्लॅस्टिकचा थर पिवळा पडतो, फुगे येतात. शिवाय त्याच्या बरोबर खाली तुम्ही झोपता. काचेचं पॅनल तीन-चार सेंटीमीटर उचलून बसवलं की उलट त्याची सावली छतावर पडते आणि आतला उकाडा कमी होतो. दुपारच्या झोपेला हा फरक कळतो.

फ्लेक्झिबलमध्ये फसवणूकही जास्त. मी सुरुवातीला एका दुकानातून "दीडशे वॅट" घेतलं होतं. घरी येऊन मोजलं तर जेमतेम अर्धा चौरस मीटर. आजच्या चांगल्या मोनो सेलमधूनही चौरस मीटरला साधारण २०० वॅट मिळतात, म्हणजे ते पॅनल फार तर शंभराचं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, चायना वॅट आहेत." तेव्हा दुकानात जाताना खिशात टेप ठेवा. लेबल काहीही छापतं, टेप खोटं बोलत नाही.

छताला भोकं पाडायची की चिकटवायचं?

फायबरचं छत गुळगुळीत आणि घट्ट असेल तर मी चिकटवण्याच्या बाजूचा आहे, बांधकामवाल्यांचं साधं सिलिकॉन वापरून नव्हे. गाडीच्या बॉडीसाठी मिळणारं पॉलियुरेथेन चिकटवण वापरायचं. बस-ट्रेलर बांधणाऱ्यांकडे सिकाफ्लेक्स २५२ वगैरे असतं ते. आधी पॉलिश पेपरने जागा खरवडायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मग चिकटवायचं आणि दोन-तीन दिवस गाडी हलवायची नाही. हे चिकटवण हवेतल्या ओलाव्याने सुकतं. मुंबईची दमट हवा आयुष्यात एकदा तरी अशी कामाला आली. मात्र पृष्ठभाग ओला नको.

छत पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असेल तर फक्त चिकटवणावर विसंबू नका. आतल्या चौकटीचे पाइप कुठून जातात ते शोधून त्यांतच बोल्ट घ्या, भोकात आणि बोल्टच्या डोक्याभोवती तेच चिकटवण भरा. नुसत्या पत्र्यात स्क्रू मारलात तर पहिल्या पावसात गादी ओली.

वाऱ्याचं म्हणाल तर ताशी १०० किलोमीटरला शंभर वॅटच्या पॅनलवर खालून वर उचलणारा जोर वाईटात वाईट तीसेक किलोपर्यंत जाऊ शकतो. चार पायांवर वाटला तर हा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण एक पाय सुटला की सगळं गणित बदलतं. म्हणून पुढच्या कडेला ॲल्युमिनियमची तिरकी पट्टी लावा, वारा पॅनलखाली घुसत नाही. आणि एक बारीक स्टीलची तार पॅनलच्या चौकटीतून छताच्या कडीला बांधा. मागून येणाऱ्या बाइकवाल्याचा विचार करून.

वायर आत कशी आणायची? छत तर हलतं.

हा या सगळ्यातला खरा प्रश्न आहे आणि लोक तो सर्वात शेवटी विचारतात, पॅनल चिकटवून झाल्यावर.

छत बिजागरीवर उघडत असेल तर वायर बिजागरीच्या बाजूने खाली आणा. तिथे हालचाल जवळपास नसते. हात-दीड हात सैल वायर सोडली की झालं.

छत सरळ वर जाणारं असेल तर छत जितकं उठतं तितकी, वर थोडी जादा, वायर सैल लागते. समजा छत ६० सेंटीमीटर उठतं, तर ७५ ठेवा. आता छत बंद झाल्यावर ही ७५ सेंटीमीटर वायर कुठे जाणार? ठरवलं नाही तर ती स्वतःची जागा शोधते, आणि ती जागा नेमकी छत आणि चौकटीच्या मधली फट असते. माझं असंच झालं. केळशीला सकाळी भरतीच्या आधी निघायची घाई, छत ओढलं, कड्या लावल्या, निघालो. दोन दिवसांनी लक्षात आलं की बॅटरी भरतच नाहीये. फ्यूज बघितला, धडधाकट. कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) बघितला, चालू. शेवटी कोपऱ्यातला कॅनव्हास बाजूला केला तर वायर चेपून चपटी झालेली, दोन्ही तारांचं आवरण कापलं जाऊन त्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला टेकलेल्या.

फ्यूज का उडाला नाही? कारण पॅनल शॉर्ट झालं तरी ते ठरावीकच करंट देतं, शंभर वॅटवालं सहा अँपिअरच्या आसपास. दहा अँपिअरचा फ्यूज त्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून पॅनलच्या बाजूला बिघाड गुपचूप होतो, धूर-ठिणगी असा काही तमाशा न करता. बॅटरीकडची बाजू उलटी: तिथे शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर धावतात आणि वायर पेटते. तेव्हा बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. त्यात चालढकल नको.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. छताच्या आतल्या अंगाला एका कोपऱ्यात वायर पक्की धरलेली, खाली कॅम्परच्या भिंतीला पक्की धरलेली आणि मधल्या सैल भागाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून आतल्या बाजूला ताणलेली. छत खाली आलं की रबर वायरला आत ओढतं, फटीकडे जाऊच देत नाही. दिसायला गबाळं आहे. पण दोन पावसाळे काढले त्याने.

वायर बारीक तारांची, लवचीक घ्या. घराच्या फिटिंगची जाड तारांची वायर रोज वाकून आतल्या आत तुटते. सोलरसाठी मिळणारी ४ स्क्वेअर एमएमची कथिलाचा मुलामा दिलेली केबल पुरते. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत धरलं तरी शंभर वॅटला पाव व्होल्टच पडतो. छतातून आत येण्याच्या जागी केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं, पाणी अडवणारं बूच), त्यावर छोटी पेटी, आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून टपकेल, वायरीच्या मागोमाग आत येणार नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी स्टिल्टखाली उभी असते. ऊन लागतच नाही. मग सोलरचा उपयोग काय?

सोमवार ते शुक्रवार शून्य. हे मान्य करूनच पैसे घाला. मुंबईत बहुतेकांची गाडी स्टिल्टमध्ये, पोडियमखाली किंवा दोन टॉवरच्या मधल्या सावलीत असते. अमेरिकेतल्या माणसाची गाडी अंगणात उभी राहून आठवडाभर भरत राहते, आपली राहत नाही. मी शुक्रवारी रात्री साध्या चार्जरने घरच्या विजेवर बॅटरी भरतो. त्यासाठी पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा प्लग हवा, नाहीतर बॅटरी लिफ्टने वर न्यायची. आमच्या सेक्रेटरींना पॅनल दाखवून म्हटलं, काका, वीज फुकट आहे. ते म्हणाले, "मग सोसायटीचा प्लग कशाला मागतोस?" मुद्दा बिनतोड होता.

अर्धवट सावली ही पूर्ण सावलीपेक्षा जास्त चकवते. शंभर वॅटच्या पॅनलमध्ये सहसा ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात. फांदीची किंवा कॅरिअरच्या दांडीची सावली एका सेलवर पडली तरी निम्मं पॅनल, कधी त्याहून जास्त, झोपतं. कोकणात तर पेचच असतो: माणसाला माडाखाली सावली हवी, पॅनलला ऊन. (आणि माडाखाली काचेचं पॅनल घेऊन उभं राहूही नका. नारळ विचारून पडत नाही.) म्हणून घडीचं दुसरं पॅनल. गाडी सावलीत, पॅनल दहा मीटर वायरीवर उन्हात. छतावर एक, हातात एक, हा मुंबईकराला परवडणारा समझोता आहे. वजनही निम्मं.

पॅनल सपाट ठेवायचं की तिरकं?

आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी मुंबईत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेच ते शून्य सावलीचे दिवस. त्यामुळे मार्च ते सप्टेंबर सपाट पॅनल उत्तम. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्यसुद्धा दक्षिणेला ४७ अंशांवरच असतो.

बिजागरीच्या छताची इथे मजा आहे. बिजागरी पुढे आणि मागची बाजू उंच असेल तर उघडलेलं छत गाडीच्या तोंडाकडे उतरतं. हिवाळ्यात गाडी दक्षिणेला तोंड करून लावा, पॅनल आपोआप सूर्याकडे तोंड करतं. उतार २५ अंशांचा धरला तर डिसेंबरच्या दुपारी सपाटपेक्षा २५-३० टक्के जास्त मिळतं. चुकून उत्तरेला लावली तर सपाटच्या निम्मंच. डोकं गाडीच्या तोंडाकडे करून झोपत असाल तर पाय उत्तरेला येतात, त्यामुळे घरच्या आजीचीही हरकत नाही.

एमपीपीटी कंट्रोलर घ्यावाच लागेल का?

एका शंभर वॅटच्या पॅनलला नाही. कंट्रोलर दोन प्रकारचे: एमपीपीटी पॅनलचा जादा व्होल्टेज वाया न घालवता त्याचा करंट करतो, पीडब्ल्यूएम हा साधा प्रकार, तो जादा व्होल्टेज सोडून देतो. थंड प्रदेशात एमपीपीटीचा फायदा ठळक दिसतो, कारण तिथे पॅनलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा बराच वर असतो. आपल्याकडे तापलेलं पॅनल अठराचं घसरून पंधरा-सोळा व्होल्टवर येतं, बॅटरी साडेतेराला, मग मध्ये वाचवायला फारसं उरतच नाही. चांगल्या कंपनीचा पीडब्ल्यूएम चालेल. दोनशे वॅटला एमपीपीटी घ्या. फक्त "एमपीपीटी" असं नुसतं छापलेले स्वस्त डबे मिळतात, त्यांपासून दूर राहा. आत कॉइल आणि भरपूर ॲल्युमिनियम असतं, म्हणून खरा एमपीपीटी हाताला जड लागतो.

बॅटरी कुठली?

लिथियम आयर्न फॉस्फेट, शंभर अँपिअर-तासांची. ११ ते १३ किलो, आणि त्यातलं जवळजवळ सगळं वापरता येतं, म्हणजे बाराशे वॅट-तास. वरच्या हिशोबाने ऊन नसलं तरी दीड दिवस निघतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर उचलून लावू का, असं विचारणारे बरेच असतात. ती पन्नास किलोच्या पुढे जाते, निम्मीच वापरायची असते, घाटात पाणी सांडतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तुम्ही तिच्याशेजारी झोपणार आहात.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार लिथियम निवडायला विसरू नका.

पावसाळ्यात काय?

पावसाळ्यात सोलरवर भरवसा ठेवू नका. जुलैत घाटात ढग उतरले की शंभर वॅटचं पॅनल दिवसभरात शंभर वॅट-तासही देत नाही. त्या दिवसांत गाडीच्या अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जरने (गाडीची वीज कॅम्परच्या बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा) बॅटरी भरायची. वीस-तीस अँपिअरचा चार्जर माळशेजपर्यंतच्या प्रवासात एवढं भरतो जेवढं पॅनल आठवडाभरात देणार नाही. गाडीच्या बॅटरीपासून सरळ वायर ओढून कॅम्परच्या लिथियमला जोडू नका. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज मनासारखा वर-खाली करतो आणि अल्टरनेटर तापेपर्यंत लिथियम करंट ओढते.

खरं सांगायचं तर पावसाळ्यात आधी कॅनव्हासची शिवण बघा. वीज नसली तर मेणबत्ती चालते, गादी ओली झाली तर काही चालत नाही.

एसी चालेल?

नाही.

इंडक्शन, मिक्सर?

इंडक्शन नाही, गॅसची शेगडी न्या. मिक्सर दोन मिनिटांपुरता चालतो, पण त्यासाठी हजार वॅटचा इन्व्हर्टर लागतो, आणि तो नुसता चालू राहिला तरी तासाला दहा-पंधरा वॅट-तास गिळतो. चटणी घरून करून न्या.

सामान मुंबईत कुठे मिळेल?

कंट्रोलर, एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे), मीटर, फ्यूजच्या पेट्या लॅमिंग्टन रोडला. ग्रँट रोड स्टेशनला उतरा, पुलाखालून चालत. केबल आणि लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लोहार चाळीत, आणि तिथेच क्रिंपिंगही करून घ्या, पक्कडीने दाबलेला लग वर्षभरात सैल होतो. स्टीलचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटला, ३१६ ग्रेड असं स्पष्ट सांगून, कारण ३०४ समुद्राकाठी तांबूस डाग धरतो. शॉकर आणि फॅब्रिकेशन कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. एमसी४ची नर-मादी जोडी एकाच कंपनीची घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आत नीट पकडत नाहीत, तापतात.

स्वतः जोडता येईल का?

येईल, क्रम पाळलात तर. पॅनलवर जाड चादर टाका, म्हणजे ते वीज देणार नाही. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनल. काढताना उलटं: आधी पॅनल, मग बॅटरी. बरेच कंट्रोलर बॅटरी बघूनच बारा की चोवीस व्होल्ट ते ठरवतात, बॅटरीशिवाय पॅनल जोडलं तर काही जण गोंधळतात, काही जळतात. जोडण्याआधी मल्टीमीटरने पॅनल मोजा, उन्हात मोकळ्या टोकांना २१-२२ व्होल्ट यायला हवेत. प्लस-मायनस दोनदा बघा. मी तीनदा बघतो, कारण एकदा दोनदा बघून चुकलो होतो.

पॅनलची देखभाल?

कबुतरं. मुंबईत याहून मोठा शत्रू नाही. वाळलेली विष्ठा खरवडायची नाही, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, मग पुसायचं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला जात असाल तर परतल्यावर पॅनल आणि सगळे बोल्ट गोड्या पाण्याने धुवा. वर्षातून एकदा पावसाआधी एमसी४ उघडून आत हिरवट काही दिसतं का बघा.

आरटीओचं काय?

पॅनलच्या आधी कॅम्परचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. गाडीची बॉडी कापून कायमची खोली बांधायची असेल तर आधी परवानगी, मग वेल्डिंग. माझा कॅम्पर चार टर्नबकलवर (पिळून ताणायच्या कड्यांवर) बसतो आणि उतरवता येतो, तरी मी आमच्या आरटीओत जाऊन विचारून आलो, आणि विमा कंपनीला फोटोसकट ईमेल करून ठेवला. तुम्हीही एवढं करा, कुणाच्या ऐकीव सल्ल्यावर, माझ्यासुद्धा, जाऊ नका. एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेत हवं. त्यात पॅनल, बॅटरी, पाणी, माणसं सगळं आलं. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा.

पीएम सूर्यघरची सबसिडी मिळते का?

नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना घराच्या छतावरच्या, ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. चार चाकांवरचं छत त्यात बसत नाही.

लडाख-स्पितीला नेताना काही वेगळं?

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे ना, ते घेतानाच विचारा. बॅटरी आतल्या बाजूला, गादीखाली असेल तर रात्री तुमचीच ऊब तिला लागते. बाकी तिकडचं थंड, स्वच्छ ऊन म्हणजे पॅनलला सणच. आपल्या मेमधल्या उन्हापेक्षा जास्त देतं.

पॅनल लावल्यावर मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी जाईल?

पॉप-अप घेण्याचं निम्मं कारणच हे की छत मिटलं की गाडी बुटकी होते. पॅनल आणि पट्ट्या त्यात सहा-सात सेंटीमीटर परत वाढवतात. चिकटवून झालं की जमिनीपासून सर्वात उंच बिंदूपर्यंत मोजा. तो बहुधा पॅनल नसून केबल ग्लँडची पेटी असते, तीच आधी आडव्या दांडीला लागते. आकडा मार्करने लिहून स्पीडोमीटरखाली चिकटवा. माझ्याकडे २१४ लिहिलंय, आणि बहुतेक ठिकाणी बारवर २.१ मीटर लिहिलेलं असतं. त्यामुळे आम्ही आता मॉलला लोकलने जातो.